इजिप्तला ट्रायइथेनॉलअमाइन पाठवायचंय, स्कोमेट लायसन्स का मागतायत?

मस्जिदबंदरचा_मन्या

नमस्कार मंडळी. मस्जिद बंदरला एका केमिकल ट्रेडिंगच्या पेढीत एक्सपोर्टचे कागद बघतो. मूळ शिक्षण बीकॉम, त्यामुळे केमिस्ट्री दहावीपर्यंतचीच. चुकलं तर समजून घ्या.

ट्रायइथेनॉलअमाइन ९९ टक्के, वीस फुटी एक डबा, ऐंशी ड्रम, न्हावा शेवा ते अलेक्झांड्रिया. बायर सिमेंट कारखान्यांना लागणारं ग्राइंडिंग एड बनवतो. शिपिंग बिल टाकलं तर म्हणे हा माल स्कोमेट यादीत (निर्यातीवर नियंत्रण असलेल्या मालाची सरकारी यादी) आहे, डीजीएफटीचं (विदेश व्यापार महासंचालनालयाचं) ऑथरायझेशन आणा. आमचा सीएचए (कस्टम्सचं काम बघणारा एजंट) म्हणतो की हे 'केमिकल वेपन'मध्ये मोडतं. ऐकून शेठ हसायलाच लागले. हेच ट्रायइथेनॉलअमाइन शाम्पूत असतं, क्रीममध्ये असतं!

माझा खरा गोंधळ वेगळा आहे. हाच माल, हाच ग्रेड, आम्ही मागे मोंबासाला पाठवला, तेव्हा कुणी लायसन्स मागितलं नव्हतं. मग केनियाला चालतं ते इजिप्तला का नाही? इजिप्तवर काही बंदी आहे का? बातम्यांत तर कधी ऐकलं नाही. डबा सीएफएसला (बंदराजवळच्या कंटेनर गोदामात) पडून आहे आणि भाडं चढतंय.

उरणकर_सीएचए

मन्याभाऊ, बंदीबिंदी काही नाही. इजिप्त सीडब्ल्यूसीचा (रासायनिक शस्त्रबंदी कराराचा) मेंबर नाही, केनिया आहे. विषय संपला. ऑथरायझेशन हातात पडल्याशिवाय लेट एक्सपोर्ट ऑर्डर (माल बाहेर पाठवायची कस्टम्सची परवानगी) मिळणार नाही, कुणाला भेटून उपयोग नाही. डबा 'बॅक टू टाउन' करून (म्हणजे परत बाहेर काढून) घ्या, नाहीतर मालाच्या किमतीइतकं भाडं होईल. सविस्तर अम्लराज सांगतील, या विषयावर त्या सुटल्या की थांबत नाहीत.

अम्लराज

आलेच. (नव्या मंडळींसाठी: अम्लराज हे टोपणनाव आहे, मी काका नाही, काकू आहे. मुक्काम मुलुंड. माटुंग्याच्या यूडीसीटीत शिकले, नोकरीचा बराच काळ तळोज्याच्या एका प्लांटमध्ये सेफ्टी आणि डिक्लरेशन्स बघण्यात गेला.)

मन्या, आधी तुझ्या शेठच्या हसण्याबद्दल. हसणं साहजिक आहे, कारण 'रासायनिक शस्त्र' म्हटलं की माणसाच्या डोळ्यांसमोर कवटीचं चित्र असलेली पिंपं येतात. प्रत्यक्षात रासायनिक शस्त्रबंदी कराराचा बराचसा कारभार तुझ्या टेबलावर असतात तसल्या कागदांवर चालतो. इन्व्हॉइस, वजनकाट्याची चिठ्ठी, बिल ऑफ लेडिंग (जहाजावर माल चढल्याची पावती), एंड यूज सर्टिफिकेट (माल कशासाठी वापरणार याचा दाखला).

करारात रसायनांच्या तीन याद्या आहेत, त्यांना शेड्यूल म्हणतात. पहिलीत सरीन, व्हीएक्स, मस्टर्ड यांच्यासारखी, ज्यांचा शस्त्राखेरीज जवळपास काही उपयोग नाही. दुसरीत धोक्याची, पण थोडाफार धंद्यातला वापर असलेली. तिसरीत ती, जी उद्योग टनांवारी वापरतो: फॉस्जीन, फॉस्फरस ट्रायक्लोराइड, फॉस्फरस ऑक्सिक्लोराइड, थायोनिल क्लोराइड. औषधं आणि कीटकनाशकं बनवणाऱ्या कारखान्यांचं यांच्याशिवाय पानही हलत नाही. तुझं ट्रायइथेनॉलअमाइन याच तिसऱ्या यादीत, अगदी शेवटच्या क्रमांकावर आहे. आपल्या स्कोमेट यादीत हाच गट '१सी' म्हणून येतो. पूर्वी हा माल कस्टम्सच्या कोडमध्ये इतरांत मिसळलेला असायचा. २०१७ साली अशा रसायनांना मुद्दाम वेगळे कोड दिले आणि याला २९२२.१५ मिळाला. सिस्टीमने तुला पकडलं ते त्यामुळेच.

आता मोंबासा आणि अलेक्झांड्रिया. करारात आज १९३ देश आहेत. बाहेर राहिलेले फक्त चार: इजिप्त, उत्तर कोरिया, दक्षिण सुदान आणि इस्रायल. इस्रायलने १९९३ मध्ये सही केली, पण मंजुरी दिलेली नाही. बाकी तिघांनी सहीसुद्धा केलेली नाही. इजिप्तचं म्हणणं असं की इस्रायल अण्वस्त्रप्रसारबंदी करारात येत नाही तोवर आम्ही यात येणार नाही. म्हणणं आपल्या जागी, पण १९६०च्या दशकात येमेनच्या यादवीत याच इजिप्तच्या विमानांनी विषारी वायूचे बॉम्ब टाकले होते, हेही विसरायचं कारण नाही.

नियम असा आहे. '१सी'चा माल करारातल्या देशाला जात असेल तर आधी परवानगी लागत नाही, पण पाठवल्यापासून तीस दिवसांत एंड यूज सर्टिफिकेट जोडून कळवावं लागतं: डीजीएफटीला, परराष्ट्र खात्याला, रसायन खात्याला आणि दिल्लीत कॅबिनेट सचिवालयाखाली 'नॅशनल अथॉरिटी' आहे तिला. (मोंबासाच्या फाइलमध्ये हे पत्र आहे का, ते आज संध्याकाळी घरी जायच्या आधी बघ.) देश कराराबाहेरचा असेल तर आधी ऑथरायझेशन, आणि त्यासाठी एंड यूज सर्टिफिकेट त्या देशाच्या सरकारचं. बायरने लेटरहेडवर लिहून दिलेलं चालत नाही.

तू म्हणशील, सिमेंटच्या मालासाठी एवढं? यासाठी एक गोष्ट सांगते. इराक-इराण युद्धात इराकने मस्टर्ड गॅस बनवला, त्यासाठी लागलं थायोडायग्लायकॉल. हा बॉलपेनच्या शाईत आणि कापडाच्या रंगकामात लागणारा माल. फ्रान्स फान आनराट नावाचा एक डच व्यापारी अमेरिका आणि जपानमधून तो उचलून इराकला पुरवत असे. तो ना शास्त्रज्ञ, ना सैनिक. तुझ्या शेठसारखाच, खरेदी-विक्री करणारा. १६ मार्च १९८८ ला हलब्जा या कुर्दी गावावर वायूचे बॉम्ब पडले, सुमारे पाच हजार माणसं मेली असं मानतात. २००५ मध्ये नेदरलँड्सच्या कोर्टाने या गृहस्थाला युद्धगुन्ह्यातला साथीदार ठरवून पंधरा वर्षं दिली, अपिलात ती सतरा झाली. आपल्या मालाचं पुढे काय होतं ते मला कुठे ठाऊक, हा बचाव कोर्टाने मानला नाही.

कारखान्याच्या बाजूने हे कसं दिसतं तेही सांगते, कारण ते मी जवळून पाहिलंय. आमच्याकडे फॉस्फरस ट्रायक्लोराइड बनायचं, गिऱ्हाईक सगळे कीटकनाशकवाले. पावसाळ्यात याचा एक ड्रम नीट बंद झाला नाही तरी कळायचं, हवेतली ओल लागून झाकणाभोवती पांढरा धूर धरायचा आणि घसा चरचरायचा. वर्षाला तीस टनांच्या वर उत्पादन असेल तर डिक्लरेशन भरायचं, दोनशे टनांच्या वर गेलात की हेगहून ओपीसीडब्ल्यूचे (हा करार राबवणाऱ्या संस्थेचे) इन्स्पेक्टर कधीही येऊ शकतात. सूचना १२० तास आधी मिळते, आणि आले की चोवीस तासांत पाहणी उरकायची असते.

आमच्याकडे आले तेव्हा मॅनेजमेंटने नव्या सतरंज्या आणि काजूच्या बश्या मांडल्या होत्या. त्यांनी चहा घेतला, हेल्मेटं चढवली आणि थेट रिअॅक्टरपाशी गेले. त्यातल्या एका बाई इन्स्पेक्टरने टाकीपासून निघणारी पाइपलाइन बोट धरून धरून पुढे न्यावी तशी पाहत नेली. एका ठिकाणी लाइनला ब्लाइंड फ्लँज (पाइपचं तोंड बंद करणारी चकती) मारलेला होता. तिने विचारलं, ही पुढे कुठे जाते? आमचा ऑपरेटर आगरी, घाबरून मराठीतच म्हणाला, "पुढं काय नाय मॅडम, भिंत हाय." मी भाषांतर केलं. ती भिंतीच्या पलीकडे जाऊन बघून आली. होती तिथे भिंतच, आणि पलीकडे सायकल स्टँड.

मग लॉगबुकं. महिन्याचं उत्पादन, टाकीतला साठा आणि गेटबाहेर गेलेल्या मालाच्या वजनकाट्याच्या चिठ्ठ्या, या तिन्हींचा मेळ. एका महिन्यात तफावत दिसली, कारण एका पार्टीने ड्रम परत पाठवले होते. परतीचं चलन शोधायला आमचा स्टोअरकीपर टेबलाखालच्या खोक्यात डोकं घालून बसला होता. सापडलं, तेव्हा कुठे पुढे सरकले. ते बॉम्ब शोधत नव्हते. कागदावर दाखवलेलं रसायन आणि जमिनीवरचं रसायन यांत फरक असला, तर तो फरक गेला कुठे, एवढाच त्यांचा प्रश्न. तुझ्या ऐंशी ड्रमांबद्दलही तोच आहे.

संशयात्मा

काकू, माहिती उत्तम, पण जरा जास्तच गुणगान होतंय. ज्या कराराच्या नावाने मन्याचा सिमेंटचा माल अडतो, तो सीरियात काय करू शकला? तो देश करारात आल्यानंतरही तिथे क्लोरीन वायूचे हल्ले झाले. रशियाने करारात राहून नोव्हिचोक (मज्जासंस्थेवर घाव घालणारं विष) बनवल्याचा आरोप आहेच. अमेरिकेने साठा नष्ट करायला २०२३ उजाडवलं. आणि आपणही धुतल्या तांदळाचे नाही. ऑगस्ट १९९२ मध्ये भारत आणि पाकिस्तानने मिळून जाहीर केलं की आमच्याकडे रासायनिक शस्त्रं नाहीत, बनवणारही नाही. पाच वर्षांनी, १९९७ मध्ये, भारताने हेगला साठा जाहीर केला! मग कागदाला काय किंमत? मोठ्यांना सगळं माफ, मस्जिद बंदरच्या कारकुनाला मात्र फॉर्म.

मुंबईचा_फौजदार

संशयात्म्याला +१. शिवाय अश्रुधूर? तोही रासायनिकच ना? पोलिस वापरतात.

अम्लराज

फौजदार, अश्रुधूर युद्धात वापरायला करारात बंदी आहे, देशांतर्गत कायदा-सुव्यवस्थेसाठी मुभा आहे. पण म्हणून तो मोकळा सुटलेला नाही. २०२४ मध्ये तामिळनाडूच्या कट्टुपल्ली बंदरात चीनहून पाकिस्तानला निघालेला सीएसचा, म्हणजे अश्रुधुराच्या रसायनाचा, अडीच टनांचा माल कस्टम्सने अडवला. तोही स्कोमेट यादीतला आहे.

संशयात्मा, १९९२चा मुद्दा बरोबर आहे. सारवासारव करणार नाही. सुमारे १,०४४ टन सल्फर मस्टर्ड होतं आपल्याकडे. पण विचार करा, ते बाहेर आलं कशामुळे? दोन देशांच्या त्या घोषणेत तपासायला यायचा अधिकार कुणालाच नव्हता. करारात तो होता. १९९६ मध्ये मंजुरी दिल्यावर आणि एप्रिल १९९७ मध्ये करार लागू झाल्यावर आकडा लिहून द्यावा लागला, इन्स्पेक्टरांच्या डोळ्यांदेखत माल नष्ट करावा लागला, आणि २००९ मध्ये ते काम संपलं. अल्बानिया आणि दक्षिण कोरियानंतर साठा पूर्ण संपवणारा भारत तिसरा देश. पाठीमागे तपासणी असली तर कागदाला किंमत येते, याचं उदाहरण तुम्हीच दिलंत.

१९२५ चा जिनिव्हा प्रोटोकॉल आठवा. त्यात वापरायला बंदी होती, बनवायला आणि साठवायला नव्हती. त्यात कित्येक देशांनी 'समोरच्याने वापरलं तर आम्हीही वापरू' असं पाचर मारून सह्या केल्या. सगळ्यांनी कोठारं भरली. जगाने जाहीर केलेला साठा शेवटी निघाला ७२,३०४ टन! त्यातला शेवटचा भाग अमेरिकेने जुलै २०२३ मध्ये केंटकीत नष्ट केला. उशीर झाला, मान्य. पण तो उशीर झाला तो जाळताना किंवा निकामी करताना आसपासच्या गावांना धोका नको म्हणूनसुद्धा. विष बनवायला सोपं, संपवायला महाग.

आता क्लोरीन, कारण इथे तुमचा मुद्दा सगळ्यात जोरकस आहे. क्लोरीन तिन्ही याद्यांत कुठेच नाही. असणार कसं? भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रात ते लागतं, तुमच्या-माझ्या नळाला येणारं पाणी त्यानेच पिण्याजोगं होतं. यूडीसीटीत आम्हाला अमोनियाची हेबर प्रक्रिया तोंडपाठ करायला लावली, पण ती शोधणारा तोच जर्मन हेबर पहिल्या महायुद्धात, २२ एप्रिल १९१५ ला, बेल्जियममधल्या ईप्रच्या आघाडीवर क्लोरीनची नळकांडी उघडताना हजर होता, हे कुणी सांगितलं नाही. चारच दिवसांनी आपली (तेव्हाच्या ब्रिटिश भारतीय सैन्याची) लाहोर डिव्हिजन त्या मैदानात उतरली. जमादार मीर दस्त यांना तिथे स्वतःला वायू लागलेला असताना जखमींना मागे आणल्याबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जुलै २०१० मध्ये शिवडीच्या हाजी बंदरात वर्षानुवर्षं बेवारस पडलेल्या सिलिंडरमधून हाच वायू गळला, कितीतरी जणांना दवाखान्यात न्यावं लागलं. त्या दिवसांत हार्बर लाइनवर असलेल्यांना आठवत असेल. वायू एकच. भांडुपला औषध, शिवडीला निष्काळजीपणा, ईप्रला शस्त्र.

म्हणून कराराची व्याख्या यादीवर थांबत नाही. कुठलंही विषारी रसायन माणसांना मारायच्या किंवा जायबंदी करायच्या हेतूने वापरलं की ते रासायनिक शस्त्र, मग ते यादीत असो वा नसो. सीरियातल्या दूमा गावावर ७ एप्रिल २०१८ ला क्लोरीनची सिलिंडरं टाकली गेली, ४३ माणसं गेली. ओपीसीडब्ल्यूच्या तपास पथकाने जानेवारी २०२३ मध्ये अहवाल दिला की ती सीरियन हवाईदलाने टाकली. त्याआधीच, २०२१ मध्ये, सीरियाचा मतदानाचा हक्क काढून घेतला होता. यातून गेलेले परत आले नाहीत, आणि रशियाने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीत व्हेटो वापरून २०१७ मध्ये संयुक्त चौकशी बंद पाडली ती पाडलीच. माझाही त्यावर राग आहे. करारात 'चॅलेंज इन्स्पेक्शन' नावाची तरतूद आहे. एका देशाने दुसऱ्यावर संशय घेतला तर अगदी थोड्या तासांच्या सूचनेवर पथक पाठवता येतं. आजतागायत ती एकदाही वापरली गेलेली नाही. सगळ्यांनाच भीती, आज आपण बोट दाखवलं तर उद्या आपल्याकडे येतील. कराराचं खरं दुखणं हे आहे, फॉर्म नव्हे.

पण नोव्हिचोकचं बघा. मार्च २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या सॉल्सबरीत ते वापरलं गेलं तेव्हा यादीत नव्हतं. २०१९ मध्ये सदस्य देशांनी यादीच बदलली, जून २०२० पासून ते पहिल्या शेड्यूलमध्ये आहे. करार लागू झाल्यापासून यादीत बदल करायची ती पहिलीच वेळ.

मस्जिदबंदरचा_मन्या

काकू, साष्टांग दंडवत. मोंबासाच्या फाइलमध्ये ते तीस दिवसांचं पत्र आहे, माझ्या आधी इथे असलेल्या मॅडमनी वेळेत टाकलेलं.

आता पुढची भानगड. शेठ म्हणतात, इजिप्तचं सरकार सर्टिफिकेट देईपर्यंत बायर दुसरीकडे जाईल. त्यांचा भाचा जबल अलीला आहे. माल दुबईच्या नावावर पाठवू, यूएई मेंबर आहे, तिथून भाचा अलेक्झांड्रियाला लावेल. एंड यूजमध्ये 'कॉस्मेटिक रॉ मटेरियल' लिहायचं. मला हे लिहून सही करायला सांगतायत. करू का? नोकरी नवीन आहे.

उरणकर_सीएचए

सही करू नको. सीएचएचं लायसन्सपण जाईल आणि तुमच्या पेढीचं आयईसीपण (आयात-निर्यात कोड) ब्लॉक होईल. आमच्याकडे कुणी असलं काम आणलं तर आम्ही चहा पाजून परत पाठवतो.

अम्लराज

मन्या, अजिबात नाही. माल शेवटी कुठे जाणार हे ठाऊक असताना दुसरं लिहिणं म्हणजे खोटं डिक्लरेशन, आणि सही तुझी असणार, भाच्याची नाही. शिवाय यूएईला जाणाऱ्या मालाचं एंड यूज सर्टिफिकेटही लागतंच, त्यात पुढे निर्यात करणार नाही अशी हमी असते. पहिल्याच दिवशी ती मोडायच्या इराद्याने लिहायची? हलब्जाचा माल असाच, एका बंदरातून दुसऱ्या बंदराच्या नावावर फिरत गेला होता. तुमचा बायर खरोखर सिमेंटवाला असेलही, नव्हे, बहुतेक असेलच. पण तपासणाऱ्याला ते तुमच्या कागदावरूनच कळणार ना.

शेठशी नोकरीच्या भाषेत बोल. ऑथरायझेशनचा अर्ज डीजीएफटीच्या पोर्टलवर ऑनलाइन जातो, दिल्लीत आंतर-मंत्रालयीन गटापुढे येतो, महिनाभर तर धरूनच चाल. बायरला आजच मेल टाक आणि तीन गोष्टी माग: तिथल्या सरकारचं एंड यूज सर्टिफिकेट, कारखान्याचा पत्ता आणि परवाना, वर्षाला माल किती लागतो ते. यातली तिसरी फार कामाची. खरा सिमेंटवाला हा आकडा तासाभरात देतो. जो टाळाटाळ करतो त्याच्याशी धंदा न केलेला बरा.

कुणी 'टक्केवारी कमी दाखवा' असा सल्ला देईल, तोही ऐकू नकोस. मिश्रणाला सवलत असते ती रसायन ३० टक्के किंवा त्याहून कमी असेल तेव्हा. बाजारात मिळणारा ८५ टक्क्यांचा ग्रेडसुद्धा त्यात बसत नाही.

आणि फोर्टमध्ये मुंबई समाचार मार्गावर इंडियन केमिकल कौन्सिलचं ऑफिस आहे, मस्जिदहून बसने जाशील. २०१८ चा ओपीसीडब्ल्यू-द हेग पुरस्कार त्यांना मिळालाय. लहान कंपन्यांना हे सगळं समजावून सांगणारी माणसं तिथे आहेत. शेठनाच घेऊन जा. तुझ्यापेक्षा त्यांचं ऐकतील.

संशयात्मा

दुबईचा भाचा हे पात्र प्रत्येक पेढीत असतं वाटतं. काकू, चॅलेंज इन्स्पेक्शनवर स्वतंत्र धागा काढा, तिथे भांडू.

मस्जिदबंदरचा_मन्या

काकूंच्या प्रतिसादाची प्रिंट काढून शेठच्या टेबलावर ठेवली. सतरा वर्षं शिक्षेच्या ओळीखाली त्यांनी स्वतःच पेनने रेघ मारली आणि भाच्याचा विषय पुन्हा काढला नाही. बायरला मेल गेली. वर्षाला किती माल लागतो त्याचं उत्तर दुपारच्या जेवणाआधी आलं, बाकीचं सरकारी काम सुरू करतो म्हणाला. 'बॅक टू टाउन'चा अर्ज आज टाकतोय. सीएफएसचं भाडं आम्ही भरायचं की सीएचएने, यावर मात्र अजून वाद चालू आहे.

उरणकर_सीएचए

तुम्हीच भरायचं.